गिरमिट ते उचल : बालाघाटच्या मजुरीची वाट

दसऱ्याचे सोने लुटून झाले आणि दिवाळीचे दिवे विझले, की आमच्या लिंबागणेशाच्या पंचक्रोशीतील वाड्यावस्त्यांवर दरसाल एकच गडबड उडते. दारापुढे ट्रक व ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यांत बाजरीच्या पिठाची पोती, तवा-परात, पांघरुणे आणि कोपी उभारण्याचे सामान चढते. त्यावर कोंबड्यांची खुराडी व एखादी शेळी. आणि सर्वांच्या वर लेकुरवाळ्या बाया व पोरे बसतात. गाडी मांजरसुंब्याच्या दिशेने वळली, की मागे उरतात ती कुलूप लागलेली दारे आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे. पुढे पाडव्याच्या आगेमागे गाड्या परत येईपर्यंत ती दारे बंदच राहतात.

आपल्या ज्ञातीच्या इतिहासावर स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी मंडळाने यंदा आम्हांस आज्ञा केली. इतिहास म्हटला की वंशावळी, देवस्थाने व पराक्रमी पुरुष यांचे वर्णन अपेक्षित असते, आणि ते अन्य लेखकांनी पूर्वीच्या अंकांत उत्तम रीतीने केलेले आहे. आम्ही मात्र या गाड्यांचा इतिहास लिहिण्याचे योजिले आहे. कारण आपल्या समाजातील असे घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांत कोणी कोयता हाती धरला नाही. ही गोष्ट लपविण्यासारखी नाही. आणि केवळ दैवाची म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. ती कशी घडली, कोणत्या धोरणांनी घडविली आणि तिच्यात आपला स्वतःचा वाटा किती, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम भूमीचा विचार करू. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठची जमीन काळी व कसदार आहे. दक्षिणेकडे बालाघाटचा डोंगरपट्टा आहे. माती उथळ, मुरूम वर आलेला, आणि पाऊस पर्जन्यछायेतला, म्हणजे आला तर आला. लिंबागणेश, पाटोदा, शिरूर ही सारी गावे याच पट्ट्यातील. बाजरी, तूर, मटकी व करडई यांवर येथील माणूस जगत आला. आपल्या ज्ञातीतील वडीलधारी मंडळी पूर्वजांच्या बैलतांड्यांच्या कथा सांगत असत. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरणे, हा त्यांचा व्यवसाय. पुढे पक्क्या सडका झाल्या आणि आगगाडी आली. मुंबईहून पुण्यावरून सोलापुरास गेलेला लोहमार्ग आमच्या दक्षिणेस राहिला, आणि १९०० च्या सुमारास झालेला मनमाड-सिकंदराबाद मार्ग औरंगाबाद, जालना, परभणी असा उत्तरेकडून गेला. मध्ये बीड तसेच कोरडे राहिले. बीड शहरास प्रवासी आगगाडीचे दर्शन १७ सप्टेंबर २०२५ रोजी घडले, यावरून विलंबाची कल्पना यावी. बैलांच्या पाठीवरचा व्यापार आगगाडीने नेला, पण ती आगगाडी काही आमच्या दारी आली नाही.

त्या काळी हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने पाण्याची कामे केलीच नाहीत असे नव्हे. ती कोठे केली, हे पाहण्यासारखे आहे. मांजरा नदी आमच्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. तिचे पाणी शेकडो मैल पुढे तेलंगणात निजामसागर धरणात अडविण्यात आले. ते धरण १९३१ साली पुरे झाले. त्या पाण्यावर ऊस वाढला, आणि १९३७ साली बोधन येथे निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. आमच्या डोंगरातून निघालेल्या पाण्याची साखर अशी दूरदेशी झाली. पुढे आमच्या डोंगरातील माणसांच्या हातांचीही तीच गत व्हावयाची होती.

इकडे ब्रिटिश मुलखात सह्याद्रीच्या पायथ्याशी मोठमोठी धरणे बांधली जात होती. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि नीरेच्या खोऱ्यातील भाटघरचे नवे धरण १९२८ साली. ती प्रामुख्याने दुष्काळनिवारणार्थ होती. ज्वारी-बाजरी पिकवून दुष्काळी मुलूख जगवावा, हा मूळ उद्देश. परंतु कालव्याचे पाणी आले, की शेतकरी साहजिकच नगदी पिकाकडे वळतो. तशात १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखर उद्योगास संरक्षण दिले, आणि हरेगाव, वालचंदनगर यांसारख्या ठिकाणी खासगी कारखान्यांची भरभराट झाली. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. त्याचे अनुकरण नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत झाले. सामान्य शेतकरी कारखान्याचा धनी झाला, ही घटना महाराष्ट्रास भूषणावह आहे, आणि तिचे मोठेपण कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

मात्र एक गोष्ट त्या सहकारात बसली नाही. ऊस पिकविणारा सभासद झाला, कारखान्यातील कामगारास कायम नोकरी मिळाली, पण ऊस तोडणारा कोणाचाच झाला नाही. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर त्यातील साखर उतरते. म्हणून कारखान्यास असा माणूस हवा, की जो फडाशेजारीच राहील, पहाटे तीनला उठेल, रात्री गाडी आली तर रात्रीही भरून देईल, आणि हंगाम संपताच निघून जाईल. गावचा माणूस असे काम करीत नाही. त्यास घर असते, सणवार असतात, नातीगोती असतात. असे काम करण्यास परगावचाच माणूस लागतो, आणि तोही ज्याला घरी राहणे परवडत नाही असा. तो माणूस बालाघाटाने पुरविला.

या वाटेवर गर्दी झाली ती विशेषतः १९७२ च्या दुष्काळापासून. त्या साली विहिरी आटल्या, दावणीची जनावरे गेली, आणि लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर बसली. त्या संकटातून महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट निर्माण केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग म्हणून सुरू केलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेस राज्यव्यापी रूप मिळाले; १९७७ साली कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले, आणि त्याचा खर्च भागविण्यास शहरातील नोकरदारांनी व्यवसाय कर दिला. पुढे २००५ साली देशानेही त्या धर्तीवर कायदा केला. मग प्रश्न असा पडतो, की गावातच कामाची हमी असताना आमची माणसे गाव सोडून का जात राहिली?

याचे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे उचल. हमीचे काम आधी करावे लागते व पैसा मागाहून, पुष्कळदा फार मागाहून, मिळतो. उचलीचा पैसा आधी मिळतो व काम मागाहून करावयाचे असते. ज्येष्ठ-आषाढात बियाण्यास पैसा नाही, मुलीचे लग्न ठरले आहे, घरात आजारी माणूस आहे, अशा वेळी मुकादम ओट्यावर येऊन नोटा मोजून देतो. त्या वेळी तो देवासारखा वाटतो, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही. कारखाना किंवा त्याची तोडणी-वाहतूक संस्था मुकादमास रक्कम देते, मुकादम ती कोयत्यागणिक वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. पूर्वी शेकड्यांत मोजली जाणारी ही उचल आज लाखाच्या घरात गेली आहे.

येथे एक त्रैराशिक मांडू. ते आमच्या हाडात मुरलेले आहे. समजा एका कोयत्याने एक लाख रुपये उचलले. तोडणीचा दर गाडीच्या प्रकाराप्रमाणे व अंतराप्रमाणे बदलतो, पण हिशेबापुरता तो टनास ३६५ रुपये धरू. एक लाख फेडण्यास सुमारे २७४ टन ऊस तोडावा लागेल. दोघांनी मिळून रोज दोन टन तोडला, तर १३७ दिवस झाले. त्यांत एकही खाडा नाही, कोणी आजारी नाही, पाऊस नाही, गाडी चुकलेली नाही. आता पाणी कमी पडून हंगाम ११० दिवसांत आटोपला, तर २२० टनांचे ८०,३०० रुपये होतात. म्हणजे जीव तोडून काम केल्यावरही १९,७०० रुपये अंगावर बाकी राहिले. आठवड्याच्या बाजाराची खर्ची यात धरलेली नाही. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळते, आणि माणूस त्याच मुकादमाकडे पुन्हा बांधला जातो. दरवाढ आवश्यक आहेच. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु दर वाढला की उचलही वाढते, आणि गाठ तशीच राहते.

वाचकांस कदाचित ठाऊक असेल, की साखरेसाठी माणसे परगावी नेण्याची ही रीत फार जुनी आहे. इंग्रजी साम्राज्यात १८३४ साली गुलामगिरी बंद होऊ लागली, तेव्हा मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांस मजूर कमी पडले. त्याच साली हिंदुस्थानातून करारी मजुरांची भरती सुरू झाली. पुढे त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथेही जहाजे गेली. मॉरिशसला गेलेल्यांत आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात, व त्या दिवशी त्या देशात सार्वजनिक सुटी असते. या करारास इंग्रजीत जो शब्द होता, त्याचा अपभ्रंश होऊन लोकांच्या तोंडी 'गिरमिट' हा शब्द बसला. गिरमिटाची मुदत सामान्यतः पाच वर्षांची. काम सोडून गेला तर तुरुंग, आजारी पडला तर वेतन कापले. ही पद्धत अमानुष होती, आणि ती बंद करावी म्हणून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात ठराव मांडला. तो फेटाळला गेला. परंतु लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले, की १९१७ साली ही भरती थांबवावी लागली.

गिरमिटाची भलावण आम्हांस करावयाची नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक तुलना टाळता येत नाही. गिरमिटात निदान कागद होता. त्यावर मुदत लिहिलेली असे, मजुरी लिहिलेली असे, आणि निघण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यासमोर नोंद होत असे. फिजीस जाणाऱ्या स्त्रीचा परवाना व करार तिच्या स्वतःच्या नावाचा असे. शंभर वर्षे लोटली. आपल्या ऊसतोड्याच्या हाती काय कागद आहे? बहुतेक वेळी कोऱ्या मुद्रांकावर त्याने अंगठा दिलेला असतो आणि तो कागद दुसऱ्याच्या पेटीत असतो. स्त्रीचे तर नावही नसते; ती कोयत्याचा अर्धा भाग असते. ऊस ती तोडते, मोळी डोक्यावर तीच वाहते, पण हिशेब नवऱ्याच्या नावे होतो.

आता कायद्याकडे वळू, कारण या लेखाचे मर्म तेथे आहे. जो माणूस समुद्र ओलांडून आखाती देशांत मजुरीस जातो, त्याच्यासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा झाला. दहावी न झालेल्या मजुरास कित्येक देशांत जाण्यापूर्वी सरकारी संरक्षक अधिकाऱ्याची परवानगी लागू लागली, व भरती करणाऱ्या दलालास नोंदणी करावी लागली. जो माणूस राज्याची सीमा ओलांडतो, त्याच्यासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. कंत्राटदाराने त्याला छायाचित्रासह पासबुक द्यावे, प्रवासभत्ता द्यावा, राहण्याची सोय करावी, असे त्यात म्हटले होते. पुढे २०२० साली संमत झालेल्या व नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या कामगार संहितेत हा कायदा विलीन झाला. तरी राज्याची सीमा हीच कसोटी कायम राहिली. परिणाम असा, की लिंबागणेशाचा माणूस बेळगावकडच्या कारखान्यावर गेला तर कायद्याच्या दृष्टीने तो स्थलांतरित होय, आणि तोच सांगलीकडच्या कारखान्यावर गेला तर नव्हे. घर दोन्हीकडे सारखेच बंद होते. कोपी दोन्हीकडे तीच. मुलाची शाळा दोन्हीकडे सारखीच बुडते. कायद्याने सीमा मोजली, उचल मोजली नाही.

उचलीविषयी कायदा नाही असे मात्र नाही. १९७६ साली वेठबिगारी पद्धती नष्ट करणारा कायदा झाला. आगाऊ रक्कम देऊन त्या मोबदल्यात माणसाचे काम सोडण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणे, हा त्यान्वये गुन्हा आहे. पण वेठबिगार म्हटला की जमीनदाराच्या वाड्यावर पिढ्यान्पिढ्या राबणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. सहा महिन्यांपुरता बांधला जाणारा, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या पायांनी परत येणारा माणूस त्या चित्रात बसत नाही. शिवाय त्याचा मालक कोण, हे ठरत नाही. कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मीही कारखान्याचा देणेकरी. ऊसवाला शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या दरातून वजा होतो, मी आणखी काय करू? शेतकऱ्याच्या उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरविते आणि ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियंत्रण आदेश १९६६ पासून आहे. त्याच उसावर कोयता चालविणाऱ्याच्या मजुरीचा दर मात्र संघटना व साखर संघ यांच्या वाटाघाटींवर अवलंबून असतो. एकाच कांडाच्या दोन टोकांस असे दोन न्याय आहेत.

गरीब देशांतून मजूर बाहेर जातात त्याने त्या देशांची उन्नती होते की अवनती, असा वाद जगभर चालत आला आहे. फिलिपाईन्सने १९७४ च्या कामगार संहितेपासून परदेशी मजूर पाठविणे हे सरकारी धोरणच केले. आपल्याकडे केरळातील लाखो माणसे आखातात गेली, आणि त्या राज्याने १९९६ साली प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते उघडले. तेथील घरे, शाळा व दवाखाने यांत त्या पैशाचा वाटा मोठा आहे, असे अभ्यासक सांगतात. मग आमच्या डोंगरात पन्नास वर्षे माणसे जात असूनही तसे का झाले नाही? आमच्या मते भेद पैशाच्या दिशेत आहे. केरळचा माणूस आधी काम करतो, मग पैसा घरी पाठवितो; त्या पैशाचे नियोजन घरची माणसे करू शकतात. आमचा माणूस आधी पैसा घेतो, तो पावसाळ्यात खर्ची पडतो, आणि मग तो फेडण्यासाठी काम करतो. घामाचे मोल घाम गळण्यापूर्वीच संपून जाते. अशा मजुरीने पोट भरते. विहीर खणली जात नाही. आम्ही असे म्हणत नाही की कोणाचेच भले झाले नाही. अंगावर बाकी न ठेवता परत येणारी, कोयत्याच्या पैशावर पोरांना शिकवून मोठी करणारी घरे आम्ही पाहिली आहेत, व या स्मरणिकेच्या वाचकांतही ती आहेत. परंतु ती त्या पद्धतीमुळे वर आली नाहीत, तिच्यावर मात करून आली.

पाण्याचेही तसेच. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा उजवा कालवा गेवराई-माजलगावकडे गेला. डोंगरपट्टा उंचावर असल्याने कोरडाच राहिला. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ साली आपला अहवाल दिला आणि मराठवाड्याच्या मागासलेपणास आकड्यांत मांडले. पुढे जिल्ह्यात काही साखर कारखानेही निघाले. परंतु जेथे पिण्यास पाणी नाही तेथे ऊस लावणे हा उपाय नव्हे, हे २०१६ साली शेजारच्या लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले तेव्हा सर्वांस कळून चुकले.

या व्यवस्थेचे ओझे सर्वांत अधिक स्त्रियांनी वाहिले. २०१९ साली आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते एका दुःखद कारणाने. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्याचे दिसले. फडात आडोसा नाही, पाणी नाही, विसाव्यास दिवस नाही, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. अशा स्थितीत दुखणे कायमचे मिटविण्याचा हा मार्ग त्यांच्या गळी उतरविला गेला, किंवा त्यांनीच तो पत्करला. त्या आकड्यांत आपल्या लेकी-सुना आहेत. हे वाक्य लिहिताना आमचा हात थांबला. पण लिहिणे प्राप्त होते.

मुलांविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकतो. सेवेच्या साऱ्या वर्षांत दिवाळीनंतरचे हजेरीपत्रक आमच्यापुढे येई, आणि एकेका वर्गातील निम्म्या नावांपुढे गैरहजेरीची खूण करावी लागे. ती मुले ढ नव्हती. एक मुलगा मार्चअखेर परत आला, तेव्हा त्यास पाढे विचारले. सतराचा पाढा तो विसरला होता, पण गाडीत किती मोळ्या बसल्या की किती टन होतात, याचा हिशेब त्याने तोंडी व अचूक सांगितला. आम्ही त्यास शाबासकी दिली, आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहे झाली. जेथे कोणी मनापासून चालविली तेथे त्यांनी मुले राखली, जेथे कागदावर चालविली तेथे ती कागदावरच राहिली.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देश बंद झाला, तेव्हा एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार ठिकठिकाणच्या कारखान्यांवर अडकले. हंगाम संपला, अन्न संपत आले, आणि आपल्याच जिल्ह्याची सीमा त्यांस बंद झाली. एप्रिलच्या मध्यास शासनाने तपासणी करून त्यांस घरी सोडण्याचा निर्णय घेतला. जिल्ह्याच्या नाक्यांवर त्या वेळी त्यांची एकेक करून नोंद झाली. जी मोजणी पन्नास वर्षांत होऊ नये, ती रोगाच्या भयाने आठवड्यात झाली! अर्थात मोजणे अशक्य कधीच नव्हते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २०१९ साली गोपीनाथराव मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. पुढे त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यावेत व तितकीच भर शासनाने घालावी असे ठरले. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम निघाले. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावे या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. शिक्षणासाठी जन्मभर तळमळलेल्या त्या सत्पुरुषाचे नाव योजनेस शोभते. नावाला साजेसे काम व्हावे, एवढीच अपेक्षा. दुसरीकडे ऊस तोडणाऱ्या यंत्रांच्या खरेदीस अनुदाने मिळू लागली आहेत. यंत्रे वाढतील तशी कोयत्याची गरज घटेल. ज्या मजुरीने आम्हांस बांधून ठेवले ती सुटेल. पण मोबदल्यात काही न देता सुटेल, ही धास्ती आहे. आपला पूर्वज बैल घेऊन रस्त्यावर उभा होता आणि शेजारून आगगाडी निघून गेली, तसे पुन्हा घडू नये.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. स्थलांतर हा गुन्हा नाही, आणि ते बंद करणे हे धोरण होऊ शकत नाही. माणूस पोटासाठी चारी दिशा जाईल. त्यास जाऊ द्यावे. परंतु कायद्याने त्याच्या वाटेतील सीमा मोजण्याऐवजी त्याच्या डोक्यावरील उचल मोजावी. जेथे आगाऊ रक्कम देऊन घरापासून दूर कामास नेले जाते, तेथे जिल्हा एक असो की राज्ये दोन असोत, लेखी करार, स्त्री व पुरुष यांची स्वतंत्र नोंद, हिशेबाची पुस्तिका आणि एक निश्चित मालक असलाच पाहिजे. तो मालक कारखाना होय, असे आमचे मत आहे; कारण साखर त्याची होते.

हे झाले सरकारचे काम. आता आपले. वाचकबंधूंनो व भगिनींनो, कोयता धरणारा जसा आपला, तसा मुकादमही पुष्कळदा आपलाच असतो. तो आपल्या सोयरिकीतला असतो, आपल्या मेळाव्यांत पुढच्या रांगेत बसतो, आणि मंडळाच्या देणगीदारांच्या यादीतही त्याचे नाव असते. सगळे मुकादम वाईट असे मुळीच नाही. कामगार उचल घेऊन पळाल्याने देशोधडीस लागलेले मुकादमही आहेत. म्हणूनच कागद दोघांच्याही हिताचा आहे. मंडळाने ठराव करावा, की ज्ञातीतील कोणताही मुकादम कोऱ्या कागदावर अंगठा घेणार नाही. उचल, दर, टन व बाकी यांची नोंद असलेली वही प्रत्येक कोयत्यास देईल. आणि त्या वहीवर बाईचे नाव बाप्याच्या शेजारी लिहील. वह्या छापण्याचा खर्च मंडळास जड नाही. या स्मरणिकेच्या खर्चाहून तो अधिक येणार नाही. हिशेब तपासून देण्यास आमच्यासारखे निवृत्त शिक्षक गावोगाव रिकामे बसले आहेत. आणि ज्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत, तेथील मूल गाडीत बसणार नाही, एवढी जबाबदारी शेजाऱ्यांनी घ्यावी.

आमच्या गावच्या गणपतीस भालचंद्र म्हणतात. शापाने क्षीण झालेल्या चंद्राने येथे तप केले आणि देवाने त्यास आपल्या कपाळी धारण केले, अशी आख्यायिका आहे. ती आम्ही मुलांना दरसाल सांगत असू. उणा झालेला पुन्हा वाढतो, हा तिचा अर्थ त्यांस चटकन कळे. येत्या दसऱ्यास गाड्या पुन्हा निघतील. त्यांतील निदान काहींत ती वही असावी, आणि मागे राहिलेल्या ओट्यावर आजीच्या शेजारी पाटी घेऊन एखादे पोर बसलेले असावे, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.